व्हिसावर आहात? मग ती घडीची कार्बाइन हातातही धरू नका

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचं सार असं: प्रत्येक मराठी घरात घडी घालता येणारी ९ मि.मी.ची कार्बाइन, म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या झाडणारी आखूड रायफल, असायलाच हवी. ती लॅपटॉपच्या पिशवीत मावते आणि कुठल्याही राज्यात नेता येते. घरातल्या पिस्तुलाचंच मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, तिलाही चालतं. लांब नळीमुळे पिस्तुलाच्या दुप्पट ताकद मिळते, हरिणही पडतं. टेक्ससमध्ये २०२१ साली आलं तसं हिमवादळ पुन्हा आलं तर हीच तारेल. धक्का बसत नाही, म्हणून मुलांनाही रिकाम्या डब्यांवर नेम धरायला देता येते. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत: एच-१बीवाल्यांनी, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांनी, घाबरायचं कारण नाही, शिकारीचा परवाना काढला की झालं, आणि नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन चालवायला तर तोही लागत नाही.

डॅलसजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्यापर्यंत हा संदेश पोचला. त्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, शनिवारी तुझ्याबरोबर येतो. तुझीच चालवून बघतो, मग घेतो." भाचा एच-१बीवर आहे, बायको एच-४वर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर. त्याला फोनवर जे सांगितलं ते आता सगळ्यांसाठी लिहितो, कारण असा शनिवारचा बेत आखणारा तो एकटा नसणार.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो. बाकीचे बहुतेक मुद्दे चुकले तर पैसे वाया जातील, फार तर खांदा दुखेल. हा चुकला तर तुरुंग आणि हद्दपारी.

संघीय कायद्यात टायटल १८ मधलं कलम ९२२(जी)(५)(बी) आहे. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर देशात आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा त्यानुसार गुन्हा आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, आणि आपल्याला भेटायला येणारे आई-बाबा ज्यावर येतात तो बी-२, सगळे यात आले. "माझं आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर आहे, मी ग्रीन कार्डच्या रांगेत आहे" याने काहीही बदलत नाही. रांगेत असलेला माणूस अजून इमिग्रंट झालेला नसतो. बंदूक तुमच्या नावावर असावी लागत नाही, तुमच्या मालकीचीही असावी लागत नाही. ती तुमच्या ताब्यात होती एवढं पुरतं, आणि गुन्हा व्हायला खिशातली एक गोळीही पुरते.

रेंजवर काही लागत नाही म्हणणाऱ्याने रेहैफ हा खटला वाचावा. हमीद रेहैफ हा संयुक्त अरब अमिरातीचा विद्यार्थी फ्लोरिडा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकायला आला. मार्क कमी पडल्यामुळे विद्यापीठाने त्याला काढलं, तेव्हा त्याचा विद्यार्थी दर्जाही संपला. तो परत गेला नाही. पुढे एका रेंजवर जाऊन त्याने दोन बंदुका चालवल्या. त्याने कुणाला धमकावलं नव्हतं, कुणाला इजा केली नव्हती. कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडल्या, एवढंच. त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

आता कुणीतरी लगेच लिहील की सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. हो, जून २०१९ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती शिक्षा रद्द केली. पण कशासाठी, तेही वाचा. आरोपीला आपला इमिग्रेशन दर्जा ठाऊक होता हे सरकारने सिद्ध करायला हवं, एवढंच न्यायालय म्हणालं. रेंजवर बंदूक चालवणं म्हणजे बाळगणं नव्हे, असं ते कुठेही म्हणालेलं नाही. आपल्यापैकी कोणता एच-१बीवाला म्हणू शकेल की मला माझा व्हिसा माहीत नव्हता? आय-७९७ची, म्हणजे व्हिसा दर्जाच्या मंजुरीपत्राची, प्रत प्रत्येकाच्या फायलीत पहिलं पान असते.

शिकारीच्या परवान्याचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागतं. त्याच ९२२ कलमात वाय पोटकलम आहे, आणि अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असेल तर नॉन-इमिग्रंट व्हिसाची बंदी लागू होत नाही. पण संदेश लिहिणाऱ्याने इथेच हात झटकले आहेत. टेक्ससचा शिकार परवाना वर्षभरात केव्हाही काढा, तो ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरच्या सकाळी नवीन परवाना हातात नसेल तर कपाटातली तीच बंदूक गुन्हा ठरते. परवाना नवऱ्याचा आणि बंदूक दोघांच्या बेडरूममध्ये, तर एच-४वरच्या बायकोचं काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही सवलत फक्त व्हिसाच्या बंदीपुरती आहे. नोकरी गेली, साठ दिवसांची मुदत उलटली, दर्जा संपला, की तुम्ही त्याच कलमाच्या पाच-ए मध्ये, बेकायदा राहणाऱ्यांसाठीच्या भागात, जाता, म्हणजे रेहैफला लागलं होतं त्यात. तिथे शिकारीचा परवाना दाखवून काहीही उपयोग नाही. नोकरकपातीच्या काळात, हातात दोन महिने आणि डोक्यावर घराचे हप्ते असताना, कपाटातल्या कार्बाइनची विल्हेवाट लावायची आठवण कुणाला राहणार आहे?

या गुन्ह्याची कमाल शिक्षा पूर्वी दहा वर्षं होती, २०२२च्या दुरुस्तीनंतर ती पंधरा वर्षं झाली. इमिग्रेशन कायद्यात शस्त्रांचे गुन्हे हद्दपारीचं वेगळं कारण आहेत. शिवाय, समोरच्याला बंदी आहे हे ठाऊक असून त्याला बंदूक देणाराही याच ९२२ कलमाच्या कचाट्यात येऊ शकतो. म्हणजे शनिवारी भाचा आणि मामा दोघेही. ज्याने हा संदेश लिहिला तो यातल्या कुणासाठीही वकिलाची फी भरणार नाही.

ज्यांना बंदी नाही त्यांच्यासाठी बाकीचे मुद्दे. म्हणजे नागरिक आणि ग्रीन कार्डवाले. मी नागरिक आहे आणि माझ्याकडे यातलीच एक आहे, केल-टेक कंपनीची सब-२०००. रेंजवर ती चालवायला मला मनापासून आवडते, म्हणून तिच्या नावावर खोटं खपवलेलं सहन होत नाही.

दुप्पट ताकद हे साफ खोटं आहे. ११५ ग्रेनची नेहमीची ९ मि.मी. गोळी चार इंची नळीच्या पिस्तुलातून साधारण सेकंदाला ११५० फुटांच्या वेगाने निघते. सोळा इंची नळीतून तीच सुमारे १३०० फुटांनी. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे धरूनही वाढ २५ ते ३० टक्के होते. पिस्तुलाच्या काडतुसात दारू थोडी असते, ती नळीच्या पहिल्या काही इंचांतच जळते, पुढच्या लांबीचा फायदा कमी कमी होत जातो. कार्बाइनचा खरा फायदा वेगळाच आहे. दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला, दोन्ही हात बंदुकीवर, त्यामुळे पिस्तुलापेक्षा नेम कितीतरी स्थिर राहतो. हरिणाचं म्हणाल तर टेक्ससचा कायदा ९ मि.मी.ला अडवत नाही. पण या गोळीने जखमी झालेलं हरिण झाडीत जाऊन तासन्‌तास तडफडून मरण्याची शक्यता मोठी आहे, आणि जबाबदार शिकारी हरिणासाठी ही गोळी वापरत नाही.

संकटात तारेल म्हणे. टेक्ससच्या आरोग्य खात्याने फेब्रुवारी २०२१च्या वादळातल्या मृत्यूंचा अंतिम अहवाल काढला आहे. एकूण मृत्यू २४६. त्यातले १६१ थंडीने गारठून. १९ कार्बन मोनॉक्साइडने, म्हणजे घरात कोळसे पेटवल्यामुळे, गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवल्यामुळे, जनरेटर दाराशी लावल्यामुळे. बाकीचे आधीच्या आजारांनी, रस्त्यावरच्या अपघातांनी, आगीने, पडून. डॅलसमध्ये पारा उणे १९ सेल्सिअसपर्यंत गेला होता आणि घरोघरी वीज नव्हती. यातल्या कोणत्या माणसाला घडीची कार्बाइन वाचवणार होती? घडीच्या बंदुकीच्या किमतीत जाड स्लीपिंग बॅगा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, पाण्याचे कॅन आणि आजीच्या औषधांचा महिन्याचा साठा येतो. संदेशात यातलं एकही नाव नाही, याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

रानात अडकल्यावर पोट भरायचं असेल, तर त्यासाठी मुद्दाम बनवलेल्या बंदुका आहेत. अमेरिकी हवाईदलाने वैमानिकांसाठी एम-६ बनवली ती घडीचीच होती, पण वरची नळी .२२ हॉर्नेटची आणि खालची .४१०ची शॉटगन. १९५९ची एआर-७ तर सुटी करून स्वतःच्याच दस्त्यात ठेवता येते, तीही .२२चीच. ससा, खार, पक्षी यांना .२२ पुरते. वजनाचा हिशेबही बघा: .२२च्या पाचशे गोळ्या पावणेदोन किलोच्या आसपास भरतात, ९ मि.मी.च्या तेवढ्याच गोळ्या सहा किलो.

पिशवीत मावते हे खरं आहे. सब-२००० घडी घातल्यावर जेमतेम सोळा इंचांची होते आणि वजन चार पौंडांच्या आसपास. पण घडी घातली म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती रिकामी किंवा कुलूपबंद झाली असं होत नाही. शाळेपासून हजार फुटांच्या आत नेताना संघीय कायदा रिकामी आणि कुलूपबंद अशी दोन्ही मागतो, आणि आपल्या वस्त्यांमध्ये शाळेच्या हजार फुटांत न येणारा रस्ता शोधून दाखवा. कुठल्याही राज्यात नेता येते हे तर सरळसरळ घातक आहे. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये काढता येणारं मॅगझिन असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलीला पिस्तुलासारखी मूठ किंवा घडीचा दस्ता यातलं एक जरी असलं तरी ती बंदी असलेल्या शस्त्रांत जमा होऊ शकते. न्यू जर्सीत आधी बंदूक घेण्यासाठीचं ओळखपत्र काढावं लागतं आणि मॅगझिनला दहा गोळ्यांची मर्यादा आहे. तिथल्या एडिसनच्या मित्राकडे दिवाळीला जाताना ती डिकीत टाकून नेऊ नका. वाटेतल्या राज्यांतून जायला संघीय कायदा संरक्षण देतो, पण निघता ते आणि पोचता ते, दोन्ही ठिकाणी ती बाळगणं कायदेशीर असेल तरच.

धक्का बसत नाही, हेही नाही. बंदूक हलकी, यंत्रणा साध्या ब्लोबॅकची (गोळीच्या दाबानेच बोल्ट मागे ढकलला जातो), आणि मागेपुढे सरकणारा जड बोल्ट ज्या नळकांड्यात असतो त्यावरच गाल टेकावा लागतो. दर गोळीला गालावर चापट बसते. दहा वर्षांच्या मुलीच्या हाती पहिली बंदूक म्हणून ही देणाऱ्याला मी रेंजवरून परत पाठवीन. मुलांना .२२ द्या, डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर मफ्स घालूनच, आणि पोलादी लक्ष्य असेल तर अंतर राखून, कारण शिशाचे तुकडे उलटे उडतात.

तरीही घ्यायचीच असेल तर असं बघा. घरात आधीच ग्लॉकचं पिस्तूल असेल तर ग्लॉकचंच मॅगझिन घेणारी सब-२००० घ्या. एकच मॅगझिन दोन्हींत चालतं, हा संदेशातला पूर्ण खरा मुद्दा. दुर्बीण लावायची असेल तर २०२३ पासूनची तिसरी पिढी बघा, कारण जुनीची घडी वर दुर्बीण असताना होत नाही. स्मिथ अँड वेसनची एफपीसी ही कार्बाइन आडवी दुमडते, म्हणून तिथे ही अडचणच नाही. आणि नुसते डबे उडवायचे असतील तर यातली कुठलीच नको. रुगरची १०/२२ टेकडाउन ही .२२ रायफल घ्या, तीही सुटी होऊन पिशवीत जाते आणि गोळ्या कितीतरी स्वस्त पडतात.

संदेश आता पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांपर्यंतही गेला आहे, म्हणून एवढं आणखी. भारतात ९ मि.मी. हा निषिद्ध बोअर आहे. सामान्य शस्त्रपरवान्यावर तो मिळत नाही, आणि कुणी सामानातून घेऊन येण्याचा प्रश्नच येत नाही. पण रेंजवर नेलेली पिशवी घेऊन भारताच्या विमानात बसणारे लोक आहेत. तळाशी राहिलेलं एक जिवंत काडतूस एक्सरेत दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ते चुकून राहिलं हे पुढे न्यायालयात पटवताही येतं, पण तोवर विमान गेलेलं असतं आणि पासपोर्ट अडकू शकतो. रेंजची पिशवी वेगळी ठेवा आणि ती प्रवासाला काढूच नका.