बोनेटखालचा कंप्रेसर आणि एक फिरता संदेश

खानदेशातल्या जीपवाल्यांच्या मोबाइलवर उन्हाळा लागताच एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: स्वस्तातला बारा व्होल्टचा टायरमध्ये हवा भरायचा पंप, म्हणजे कंप्रेसर, बोनेटखाली पक्का बसवा, वायर लायटरच्या सॉकेटाला द्या, सोबत चार लिटरची टाकी लावा, म्हणजे वाळूतून बाहेर पडल्यावर चारही चाके टाकीतूनच भरतील, पंप घेताना पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा, तेवढा मोठा पाहा. यातले एकही विधान हिशेबाला टिकत नाही.

टाकीपासून सुरुवात करू. तापीच्या वाळूत उतरताना चाके रुतू नयेत म्हणून हवा 15 पीएसआयपर्यंत उतरवली आणि वर आल्यावर ती 32 वर न्यायची असेल, तर सुमारे 70 लिटर पोकळीच्या एकेका टायरला बाहेरची साधारण 80 लिटर हवा लागते. चार लिटरच्या टाकीत 150 पीएसआयने हवा कोंबली, तरी तिचा दाब 32 वर येईपर्यंत तिच्यातून तशी 32 लिटर हवाच मिळते, म्हणजे एका टायरचीही निम्मी गरज भागत नाही. रिमवरून सुटलेला टायर झटक्यात बसवायला किंवा हवेवरचा पाना चालवायला टाकी जरूर कामाची आहे. पण ती घेतलीच तर ठरलेल्या दाबाला पंप बंद करणारा प्रेशर स्विच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, आणि तळाशी साचणारे पाणी काढायला कॉकही.

सॉकेटाचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. त्याचा फ्यूज बहुधा 10 ते 15 अँपिअरचा असतो आणि मोठे टायर भरणारा पंप 25-30 अँपिअर सहज ओढतो. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालण्याची चूक मीही केली आहे: रावेरहून पालला जाताना दुसऱ्याच चाकाला प्लॅस्टिक करपल्याचा वास आला, आणि पिन उपसली तेव्हा सॉकेटाची कड तपकिरी होऊन मऊ पडली होती. वायर थेट बॅटरीवरून घ्यावी, फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर बसवावा, मध्ये रिले (छोट्या बटणावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) द्यावा आणि पंप इंजिन सुरू असतानाच चालवावा. वायरीची जाडीही महत्त्वाची, कारण जाऊन-येऊन सहा मीटरच्या 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत 30 अँपिअरला सव्वा व्होल्टाहून अधिक विजेचा दाब वाटेतच जातो. 6 चौरस मिलिमीटरच्या वायरीत तो अर्ध्या व्होल्टाच्या आसपास राहतो.

पीएसआयबद्दल फार लिहायला नको. टायरला लागतात 32, मग खोक्यावरचे 150 काय कामाचे? मिनिटाला किती लिटर हवा येते, तेवढे विचारावे.

राहिली जागा. हवा दाबली की तापतेच. त्यात मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो आणि बोनेटखाली इंजिनाची धग वेगळी, त्यामुळे तिथे बसवलेला स्वस्त पंप काही मिनिटांतच उष्णतेने बंद पडतो, किंवा बंद पडण्याची सोय नसेल तर जळतो. आमच्याकडे बहुतेकांनी पंप शेवटी सीटखाली किंवा मागच्या डिकीत नेला आहे. बोनेटखालीच बसवायचा असेल, तर तो सायलेन्सरच्या पाइपापासून दूर ठेवावा, पंपातून निघणारी पहिली हातभर नळी रबराची न घेता स्टीलची जाळी असलेली घ्यावी, आणि हवा ओढणारा फिल्टर नळीने उंचावर न्यावा. काळ्या मातीची धूळ पिस्टनच्या सीलला दोन मोसमही टिकू देत नाही.