फोन लागला म्हणजे कॅमेरा नाही?

दिवाळीची खरेदी सुरू झाली आणि मावशीने घरच्या ग्रुपवर तो जुना मेसेज पुन्हा टाकला: ‘ट्रायल रूममध्ये गेल्यावर फोन लागला नाही, तर छुपा कॅमेरा आहे असं समजा. फायबर ऑप्टिक केबलमुळे सिग्नल अडतो.’ खाली आरशाला नख लावायची युक्ती: नख आणि प्रतिबिंबात फट दिसली नाही, तर ती पलीकडून बघता येणारी आरपार काच. मावशी, रागावू नकोस, पण यावर विसंबू नकोस.

आधी फोनचं. फायबर म्हणजे काचेचा तंतू, त्यातून प्रकाश धावतो. मोबाइल चालतो रेडिओलहरींवर. फायबरने रेंज जात असती, तर घरोघरी फायबरचं इंटरनेट आल्यावर निम्म्या कोथरूडचे फोन मुके झाले असते. शिवाय छुप्या कॅमेऱ्याला केबल लागतेच असं नाही. बटणाएवढी लेन्स, आत मेमरी कार्ड, झालं. लक्ष्मी रोडवरच्या तळघरातल्या दुकानात रेंज जाते ती भिंती आणि स्लॅबमुळे. तिथे उगाच घाबरलीस तर एक वेळ चालेल. फोन लागला म्हणून निर्धास्त झालीस, तर?

नखाचं. साध्या आरशाचा चकाकता थर काचेमागे असतो, म्हणून नख आणि प्रतिबिंबात फट दिसते. पण थर पुढे असलेले साधे आरसेही मिळतात, आणि आरपार काचेचा थर मागेही ठेवता येतो. तशी काच चालते उजेडाच्या फरकावर: आपल्याकडे लख्ख, पलीकडे अंधार. तेव्हा टॉर्च काचेला टेकव, हातांचा आडोसा कर आणि डोळा लावून बघ.

‘छुप्या कॅमेऱ्याचं इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतं’ हे अर्धं खरं. टीव्हीचा रिमोट समोर धरून बटण दाब. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा काही दिसणार नाही, पुढच्यात कदाचित ठिपका दिसेल. पण छुप्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे असतात अंधारातल्या चित्रीकरणासाठी. ट्रायल रूममध्ये ट्यूब असते!

त्यापेक्षा दिवा मालवून टॉर्च डोळ्यांजवळ धर आणि हूक, घड्याळ, चार्जर, स्मोक डिटेक्टर यांवरून सावकाश फिरव. लेन्स असेल तर बारीक चमकते. पीजीत राहणाऱ्या मुलींनी खोली ताब्यात घेतल्या दिवशीच हे करावं.

सापडलाच, तर हात लावू नकोस, कार्ड काढू नकोस. फोटो काढ आणि 112 ला फोन कर. बाईचं असं चोरून चित्रीकरण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तरी 1 ते 3 वर्षं कैद. आणि दुकानदार ‘अहो ताई, तो बंदच असतो’ म्हणाला, तरी पोलीस येईपर्यंत तिथून हलू नकोस.