गरज : निरंक

अभिनंदन. बेळगाव जिल्ह्यात, तुमच्या तालुक्यातल्या गरीब घरांतल्या ३ ते ६ वयाच्या पोरांना सरकारी बालवाडीची गरज किती, आणि त्यातली किती भागत नाही, हे मोजायच्या सर्व्हेला तुमचं नाव लागलंय. ड्यूटी रद्द करून घ्यायला कुणाच्या ओळखी काढत फिरू नका. निवडणुकीच्या ड्यूटीपेक्षा ही सोपी आहे. मी असे चार सर्व्हे केले. चारही वेळा शेवटच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं, मुदतीच्या आधी कागद जमा केले आणि येताना घरी पाव किलो कुंदा घेऊन आलो. तेव्हा हे अनुभवाचे बोल आहेत, नीट ऐका.

आधी गणित समजून घ्या. गरजेतून सोय वजा केली की उरते ती न भागलेली गरज. ही उरलेली गरज शून्यावर आणायचे दोन रस्ते आहेत. सोय वाढवायची म्हटली तर इमारत लागते, टीचर लागते, आया लागते, आणि पोराच्या पोटाला दिवसाला ८ रुपये लागतात. हा दर २०१७ साली ठरलेला आहे. एवढ्यात कॅम्पातल्या टपरीवर चहासुद्धा येत नाही. दुसरा रस्ता गरज कमी करायचा. त्याला फक्त पेन लागतं, आणि पेन तुम्हाला कार्यालयातून मिळालेलंच आहे.

कायद्याला घाबरायचं कारण नाही. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याच्या आतल्या पोरांसाठी राज्यघटनेत अनुच्छेद ४५ आहे. २००२ च्या दुरुस्तीनंतर तो म्हणतो की राज्य ‘प्रयत्न करील’. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं ११ वं कलम म्हणतं की सरकार बालशिक्षणाची सोय ‘करू शकेल’. आमच्याकडे उसने पैसे मागायला आलेल्या पाहुण्याला ‘बघूया की’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र तेच पोर पहिलीच्या दारात उभं राहिलं की आपण कडक व्हायचं. कर्नाटकात पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात. २०२५-२६ साठी ही अट पाच वर्षं पाच महिन्यांवर आणली, पण ज्यानं यूकेजी पुरी केली त्याच्यासाठी. म्हणजे जी सोय द्यायला कुणी बांधील नाही, ती घेतल्याचा दाखला मात्र आणायचा.

आता पोरं मोजायची. हातात २०११ ची जनगणना घ्या, तिच्यानंतरची पुरी झालेली नाहीच. २०११ साली जे पोर तीन वर्षांचं होतं ते आज दाढी करतंय, पण आकडा सरकारी आहे, त्याला कुणी हात लावू शकत नाही. गावाबाहेरच्या माळावर नंतर वसलेली घरं त्या यादीत नाहीत. यादीत नाहीत तर तिथली पोरंही नाहीत. उन्हातानात तिकडं पायपीट करू नका.

घरोघरी जावंच लागलं तर सकाळी अकराला जा. ही वेळ मी फार विचार करून ठरवली आहे. ज्या घरातल्या बाईला पोर कुठं ठेवायचं हा प्रश्न आहे, ती अकराला घरात नसते. ती भांगलायला गेलेली असते, निपाणीकडं असेल तर विड्या वळायला, वडगाव-खासबागेत असेल तर मागावर. दाराला कुलूप असतं. तुम्ही ‘घर बंद’ असं लिहा आणि पुढं चला. उघडी मिळतात ती घरं बहुतेक अशी, जिथं पोर सांभाळायला माणूस आहे. तिथं गरज विचारली की ‘काय अडचण न्हाई’ असंच उत्तर येतं. माझ्या तिसऱ्या सर्व्हेत एका गल्लीतली जवळजवळ निम्मी घरं बंद होती. उरलेल्यांचं समाधान पाहून साहेब खूश झाले.

कधी कधी कुलपाच्या आतून आवाज येतो. मागाच्या खडखडाटात तो नीट ऐकू येत नाही. आला तरी आवाजाला फॉर्मवर रकाना नाही.

आणि एक. दारात चप्पल काढायची नाही. चप्पल काढली की आत बोलावतात, आत गेलं की चहा येतो, आणि चहा आला की माणसं बोलायला लागतात. माझं एकदा चुकलं. बेळगाव तालुक्यातलंच गाव, नाव सांगत नाही. म्हातारी सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. शेजारी चार वर्षांची नात करडाच्या पाठीवर थोपटत होती. मी विचारलं, “आजी, तुमच्याकडं अंगणवाडी आहे का?”

“हाय की. गल्लीच्या पल्याडच हाय.”

इथंच थांबायचं असतं. ‘सोय : आहे’, अंतर लिहायचं, सही घ्यायची. मी गाढवासारखा पुढं विचारून बसलो, मग ही घरात कशी?

“जाती आठ दिस, मग ऱ्हाती. टीचर वाईट न्हाई हो मास्तर, लई चांगली हाय. पन ती काय बोलती ते हिला कळत न्हाई, ही काय बोलती ते तिला कळत न्हाई. दोघी आपल्या एकमेकीकडं बघून हसत बसत्यात.” शेंग फुटली. दाणे सुपात पडले, टरफल मांडीवर. “आनि खिचडी झाली की सोडत्यात. हिची आई दिस बुडाल्यावर येती. मधी मला झोप लागली की ही हिरीकडं जाती. मग बांधून ठेवते वसरीच्या खांबाला.”

खांबाला जुन्या लुगड्याचा पट्टा होताच, गाठ मारून मारून गुळगुळीत झालेला. एवढ्यात करडू उठून पळायला लागलं, तशी नात त्याच्यावर ओरडली, “सुम्न कुंद्रु!” गप बस. अंगणवाडीतल्या आठ दिवसांत एवढं एक वाक्य तिनं घरी आणलं होतं, आणि करडाला ते समजलंही. ते खरंच बसलं. मी फॉर्म भरला. अंगणवाडी : आहे. पटावर नाव : आहे. भाषेची अडचण : नाही, मुलगी कन्नड बोलते. खांबासाठी रकाना शोधला, सापडला नाही.

भाषेचं कुणी काढलंच तर त्याच्यावरही उत्तर आहे. अनुच्छेद ३५०अ, १९५६ साली घातलेला. भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना मातृभाषेतून शिकवायची सोय करावी असं तो सांगतो, पण ‘प्राथमिक टप्प्यावर’. बालवाडी प्राथमिकच्या आधी येते. म्हणजे पोर सहा वर्षांचं होईपर्यंत त्याला मातृभाषा नसते. हे मी म्हणत नाही, कलमाच्या शब्दांतून तसं निघतं. टीचरला दोष देऊ नका, तिला वेळ कुठं आहे? पूर्वी ११ नोंदवह्या होत्या, २०२१ पासून पोषण ट्रॅकर नावाचं मोबाइल अ‍ॅप आलं, आता घरी न्यायच्या आहारासाठी बायकांचे चेहरे मोबाइलला ओळखायला लावायचे. मोबाइल चेहरा ओळखतो की नाही या काळजीत बिचारीचा दिवस जातो. पोरांचे चेहरे तिला मोबाइलशिवाय ओळखता येतात, पण त्याची नोंद होत नाही.

गरीब कोण हे बीपीएल कार्डावरून ठरवा. वर्षाचं उत्पन्न १ लाख २० हजारांच्या आत, हातात कार्ड, तो गरीब. कार्ड रद्द झालं असेल तर गरिबीही त्याच तारखेपासून रद्द समजा. कुणी अर्धवट शिकलेला पोरगा सांगेल की सुप्रीम कोर्टानं २००४ सालीच अंगणवाडीला बीपीएलची अट लावू नका म्हटलंय. त्याला म्हणा, अट कुठं लावतोय, नुसतं विचारतोय. विचारायला कोर्टाची बंदी नाही.

पुढचा मुद्दा तुमच्या फार उपयोगाचा. जे पोर गाडीत कोंबून ‘कॉन्व्हेंट’ला जातं, त्याला सरकारी बालवाडीची गरज नाही असं धरा. बाप फाउंड्रीत ओव्हरटाइम करतो, आईनं फीसाठी बचतगटाचं कर्ज काढलंय, शाळा म्हणजे एका घराचा पुढचा हॉल आहे आणि वर्षभर ‘ए फॉर अ‍ॅपल’च चाललंय, हे सगळं खरं असेल. पण लोक पैसे मोजून जातात याचा अर्थ त्यांना तेच आवडतं, असाच लावायचा असतो. सरकारी बालवाडी धड नाही म्हणून ती खाजगीत गेली, असा अर्थ लावला तर एकट्या उद्यमबागेच्या कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांतून तुमचा आकडा कुठल्या कुठं जाईल. तसा कधी लावू नका.

२०२३ च्या बजेटात ४,००० ग्रामपंचायतींत ‘कूसिना मने’ जाहीर झाली, म्हणजे कामाला जाणाऱ्या आयांच्या बाळांसाठी घर. नाव गोड आहे. पाटी दिसली की सोय मोजून टाका. आत कोण आहे हे बघायला सांगितलेलं नाही.

आता खरी अवघड गोष्ट. १३ डिसेंबर २००६ ला सुप्रीम कोर्टानं एक घोळ करून ठेवलाय. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० पोरं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. चाळीस! त्यामुळं तुम्ही काहीही करा, पण आकडा ३९ च्या पुढं जाऊ देऊ नका. ओढ्याच्या अलीकडं २२, पलीकडं १९ असतील तर त्या दोन वस्त्या झाल्या. उन्हाळ्यात तो ओढा कोरडा असतो, पोरं त्यातच खेळतात, पण आपण पावसाळ्यातला ओढा धरायचा. खानापूरच्या रानातल्या गवळी-धनगरांच्या वाड्यांत तर हाही त्रास नाही. डोंगराळ भागात छोटी अंगणवाडी द्यायलाही वस्तीत दीडशे माणसं लागतात. तिथं माणसं साठ-सत्तर, म्हशी जास्त. जूनपासून तिकडं वाट राहत नाही, म्हणून सर्व्हे जुलैत लावून घ्या.

तरी एखाद्या वस्तीत ४३ भरलीच, तर मागणी नाही असं दाखवा. अर्ज मराठीत आला तर कन्नडमधून आणायला सांगा. कन्नडमधून आणला तर सह्या मराठीत आहेत म्हणा. घेतलाच तर पोच देऊ नका, कारण तीन महिने पोचेपासून मोजतात.

माझ्या चौथ्या सर्व्हेत एका वाडीत बरोबर ४० निघाली. दोनदा मोजली. शेवटचं पोर अकरा दिवसांचं होतं, पाटीत झोपलेलं. बाळंतीण माहेरी आलेली होती, म्हणजे पोर सासरचं, असं ठरवून मी ३९ लिहिले. ते पोर आता दुसरीत असेल. कुठल्या गावी ते ठाऊक नाही.

ऊसतोडणीवाल्यांचा विचार करूच नका. जिल्ह्यात साखर कारखाने वीसहून जास्त. दिवाळीपासून फडाकडेला खोपटी उभी राहतात, बाहेरच्या जिल्ह्यांतून, पार बीडकडूनही माणसं येतात. आई कोयता चालवते, पोर पाचटावर बसलेलं असतं. तुम्ही लिहायचं, ‘येथील रहिवासी नाहीत’. त्याच वेळी त्यांच्या गावात तुमच्यासारखाच एकजण लिहीत असतो, ‘गावी नाहीत’. दोन जिल्ह्यांनी मोजलं आणि दोन्हीकडं निरंक आलं, याहून पक्का पुरावा काय पाहिजे?

काही मराठी कार्यकर्ते भेटतील, ते सीमाप्रश्न काढतील. १९५६ पासून सुरुवात करतील, महाजन आयोगावर येतील, सुप्रीम कोर्टातल्या २००४ च्या दाव्यावर थांबतील. दुपार जाते. मध्येच विचारा, महाराष्ट्र मागतो त्या ८६५ गावांत ३ ते ६ वयाची पोरं किती? एकदम शांतता होते. सुवर्णसौधवाल्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या बाजूच्या माणसाला विचारलंत तरी तेवढीच शांतता होते. या बाबतीत दोन्ही राज्यांचं जमतं. महाराष्ट्रानं २०२३ साली आपली आरोग्य योजना या गावांना लागू केली, कर्नाटकानं हरकत घेतली. त्यामुळं सध्या पोर आजारी पडलं की महाराष्ट्राचं, पहिलीत गेलं की कर्नाटकाचं, आणि मधल्या तीन वर्षांत ज्या आजीच्या सोप्यात खांब असेल तिचं.

बस, एवढंच. फॉर्म निळ्या शाईनं भरा, खाडाखोड करू नका. म्हातारी तुम्हाला सोडायला दारापर्यंत येईल आणि म्हणेल, “मास्तर, हिचं नाव तेवढं लिवून घ्या की.” नावाचा रकाना नसतो, फक्त संख्येचा असतो, हे तिला समजावत बसू नका. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिल्यासारखं करा. मी खरंच लिहिलं होतं. तपासणीत साहेबांनी विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, पेन चालतंय का बघत होतो.