बादली, पाव, चावी आणि मोझांबिकचं बेट

किल्ल्यातल्या टाक्यावर दोन बायका पाणी शेंदत होत्या. एकीच्या हातात दोर बांधलेलं पिवळं प्लॅस्टिकचं भांडं. याला काय म्हणता, असं मी आमच्या वाटाड्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "बाल्द." मी म्हटलं, आमच्याकडे बादली. त्याने ते माकुआ या तिथल्या भाषेत तिला सांगितलं आणि ती खळखळून हसली. मग सुरूच झालं. पाव, बटाटा, अननस, साबण, चावी. पाच मिनिटं आम्ही तिघी-चौघं नुसते, पोर्तुगीजांमुळे दोन्हीकडे रुळलेले, शब्द जुळवत होतो.

भाऊ कामानिमित्त आफ्रिकेत, मोझांबिकमधल्या नांपुला शहरात असतो, म्हणून माझं जाणं झालं. नांपुलाहून इल्या द मोसांबीक, म्हणजे मोझांबिकचं बेट, साधारण १८० किलोमीटर. शेवटी तीन-साडेतीन किलोमीटरचा समुद्रावरचा एकेरी पूल. समोरून गाडी आली की रुंद केलेल्या जागी थांबून तिला वाट द्यायची. बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद. एवढ्याशा जागेत १८९८ पर्यंत पोर्तुगीज मोझांबिकची राजधानी होती आणि अख्ख्या देशाचं नाव इथूनच पडलं. वास्को द गामा १४९८ मध्ये भारताकडे येताना इथे थांबला तेव्हा अरबी आणि स्वाहिली व्यापाऱ्यांचं बंदर चांगलं नांदतं होतं. त्यामुळे 'पोर्तुगीजांनी वसवलेलं शहर' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. वसवलं नाही, बळकावलं.

मी वसईची. किल्ला म्हणजे शाळेची सहल, चुलतभावाच्या लग्नाआधीचे फोटो आणि भिंतीतून उगवलेले वड-पिंपळ, एवढीच माझी ओळख होती. बेटावरच्या साओ सेबास्तियावच्या किल्ल्यात पाऊल टाकलं आणि घरी आल्यासारखं झालं. तसेच बुरूज, तसाच खारा वारा. १५५८ मध्ये याचं काम सुरू झालं, तेव्हा वसईही पोर्तुगीजांकडेच होती. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तोपर्यंत या दोन्ही किल्ल्यांचा धनी एकच, गोव्यात बसलेला व्हाइसरॉय. हे बेट तर १७५२ पर्यंत गोव्याच्याच अमलाखाली होतं. आपण शाळेत वसईची मोहीम तोंडपाठ करतो, पण त्याच राज्याचा एक पाय आफ्रिकेत होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही. सपाट गच्च्यांवर पडलेलं पावसाचं पाणी टाक्यांत उतरवून साठवायचं, हीच इथली जुनी रीत. डचांनी १६०७ आणि १६०८ असे लागोपाठ दोन वेढे घातले, किल्ला पडला नाही. त्या बायका ज्या टाक्यातून पाणी शेंदत होत्या ते असंच एक जुनं टाकं आहे. किल्ल्याच्या टोकाला, अगदी समुद्राला लागून, १५२२ चं एक छोटं चॅपेल आहे. दक्षिण गोलार्धातली उभी असलेली सर्वांत जुनी युरोपीय वास्तू हीच, असं मानतात. आत कोणी नव्हतं. फक्त लाटांचा आवाज.

आता जे लिहायचं म्हणून ही पोस्ट सुरू केली ते लिहिते.

हे शहर कशावर उभं राहिलं? आधी सोनं, मग हस्तिदंत, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सर्वांत जास्त माणसं. आतल्या मुलखातून हे सगळं बंदरावर यायचं ते कापडाच्या बदल्यात. तिथे नाण्यांना किंमत नव्हती, कापड हेच चलन. आणि ते कापड आपल्याकडचं, मुख्यतः गुजरातमधलं, दीवहून गलबतांत भरून आलेलं. १६८६ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने दीवच्या वाण्यांना दीव ते हे बेट या व्यापाराचा मक्ताच दिला. त्यांच्या कापडावर आणि उधारीवर गुलामांचा व्यापारही चालला. गुलामांच्या निर्यातीवर कागदोपत्री बंदी आली १८३६ मध्ये, आणि त्यानंतरही चोरून माणसं नेली जात होती.

आपल्याकडे भारतीय व्यापाऱ्यांबद्दल बोलताना नेहमी धाडस, सचोटी, सातासमुद्रापारची पेढी असंच बोलतात. पोर्तुगीजांनी आपल्यावर केलेले जुलूम आपण विसरत नाही, विसरूही नये. पण मग आपल्या कापडाचं पुढे काय झालं हेही बोलायला नको का? वसईच्या, गोव्याच्या पोर्तुगीज घरांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. कारवारच्या खाप्री देवाला लोक आजही विडी-सिगारेट वाहतात. तो आफ्रिकेतून आलेला माणूस होता, असं तिथे सांगतात. आपल्या किनाऱ्याला हे ठाऊक आहे, फक्त ते उघडपणे बोललं जात नाही.

डिसेंबर १७९४ मध्ये 'साओ जुझे' नावाचं जहाज याच बेटावरून ४०० हून अधिक माणसं कोंबून ब्राझीलला निघालं. केपटाऊनजवळ खडकावर आदळून फुटलं. त्यातली निम्मी बुडाली आणि जी वाचली ती केपमध्ये विकली गेली. २०१५ मध्ये पाणबुड्यांनी मोझांबिकची माती नेऊन त्या जागी समुद्रात अर्पण केली. हे मी वाचलं होतं. तरी धक्क्यावर उभी राहिले तेव्हा पोटात कालवलं. समोर पाणी इतकं निळं होतं की बघवेना.

आणखी एक सांगायलाच हवं. बेटाचे दोन भाग आहेत. उत्तरेला दगडी शहर, म्हणजे वाडे, लाल रंगाचा राजवाडा, हिंदू देऊळ. दक्षिणेला माकुती शहर. माकुती म्हणजे माडाच्या झापांचं छप्पर. प्रवासी दगडी भाग बघतात, राजवाड्यातल्या संग्रहालयात फिरतात, फोटो काढून परत जातात. राहती माणसं बहुतेक माकुतीत आहेत. तिथे गेलात की कळतं, वस्ती रस्त्याच्या पातळीखाली आहे. रस्त्यावर उभं राहिलं की छपरं डोळ्यांसमोर येतात. कारण उत्तरेचे वाडे बांधायला पोवळ्याचा दगड इथूनच खणून काढला. खड्डे राहिले, आणि त्या खड्ड्यांत गरिबांनी घरं बांधली. पाऊस झाला की पाणी तुंबतं. मार्च २०२२ मध्ये 'गोम्बे' चक्रीवादळ इथेच धडकलं.

१९९१ पासून बेट जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यामुळे झापांची छपरं टिकावीत असा आग्रह आहे. पण झापं दर काही वर्षांनी बदलावी लागतात, त्याला पैसा लागतो, म्हणून लोक पत्रा टाकतात. माझ्याबरोबरचे एक गृहस्थ पत्रे बघून हळहळले, म्हणाले, सगळी शोभा गेली. मला ते पटलं नाही. आमच्या आजीच्या घरावरची कौलं जाऊन स्लॅब पडला तेव्हा पहिल्यांदा ती पावसाळ्यात रात्रभर झोपली. ज्याला वारसा हवा त्याने झापांचे पैसे द्यावेत. आपल्या फोटोसाठी कुणी गळक्या घरात राहू नये.

किनाऱ्यावर मुलं ओहोटीला वाळूत मणी शोधतात. जुन्या जहाजांवरून पडलेले काचेचे मणी अजून वाहून येतात. एका सात-आठ वर्षांच्या मुलीकडून मी मूठभर घेतले. तिने ओंजळीत आधी धुऊन दिले, त्यातला एक फुटका होता तो बाजूला काढला आणि बदली दुसरा दिला. आफ्रिकेच्या व्यापारात भारतातले मणीही चालत आणि व्हेनिसचेही. माझे कुठले, मला ओळखता येत नाहीत.

जाणार असाल तर मे ते ऑक्टोबर बरा. काजू आणि नारळाच्या दुधातली 'मातापा' ही पालेभाजी खा. मुक्काम दोन रात्री तरी करा, आणि त्यातली एक पूर्ण सकाळ माकुतीसाठी ठेवा.

एक विनंती आहे. गोव्यातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या मोझांबिकला नोकरी-धंद्याला होती. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा पोर्तुगीज सरकारने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता जप्त केल्या आणि देशाबाहेर काढलं. त्या काळातलं कुणी तुमच्या घरात असेल, पत्रं किंवा फोटो ट्रंकेत पडून असतील, तर मला सांगा. वसईपासून कारवारपर्यंत कुठेही असा, मी स्वतः येऊन ऐकेन.