सेवेत असताना अपंगत्व आले तर नोकरी जात नाही

‘अपघाताने किंवा आजाराने अपंगत्व आले की सरकारी कर्मचाऱ्याला रुग्णता निवृत्ती (प्रकृतीच्या कारणाने मुदतीआधीची निवृत्ती) घ्यावीच लागते, आणि दाखला ४० टक्क्यांखाली असेल तर काहीच मिळत नाही’ असा संदेश फिरतो आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० (४) नुसार सेवेत अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. सध्याचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसरे पद द्यायचे. तसे पद रिकामे नसेल तर अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांखेरीज निर्माण केलेल्या जादा पदावर, ठेवायचे. योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत. ४० टक्क्यांची अट भरतीतल्या आरक्षणासाठी आहे. या कलमात ती नाही.

खरा घोटाळा होतो तो घाईत. घाबरलेले कुटुंब स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करून बसते, आणि तो एकदा मंजूर झाला की पुढची लढाई फार अवघड होते. असा अर्ज मुळीच देऊ नका. कार्यालय प्रमुखांना पदबदलाचा लेखी अर्ज द्या, वैद्यकीय कागद जोडा, कोणते काम जमेल ते स्पष्ट लिहा आणि पोचेवर आवक क्रमांक घ्याच. दाद लागली नाही तर कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा (कलम २३). तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान न झाल्यास पुढे जिल्हास्तरीय समिती आहे.