छाननीला निघालेल्या मतदारांसाठी सूचना

उमेदवाराच्या अर्जावर हरकत घ्यायचं मनात आलंय? वा! निघण्याआधी एवढं वाचा.

रजा टाका. 2024 च्या विधानसभेची छाननी 30 ऑक्टोबरला होती, म्हणजे धनत्रयोदशी आणि पहिली अंघोळ यांच्या बरोबर मध्ये. चकल्या घरच्यांवर सोपवाव्यात.

आत जायचा हट्ट धरू नये. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 36 प्रमाणे आत उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि उमेदवाराने लेखी नेमलेला आणखी एक माणूस. मतदार त्यात नाही. आपण नुसते मत देणारे.

बाहेर मात्र नमुना 26 मधलं, उमेदवाराच्या मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र मनसोक्त वाचावं. आमच्याकडे ते जाळीच्या फळ्यात होतं, जाळीला कुलूप, आणि सगळी पानं एकाच टाचणीत. पहिलं पान तोंडपाठ झालं! संकेतस्थळावरची प्रत आडवी, त्यात आकड्यांवर नेमका नोटरीचा शिक्का. मान वाकडी करून वाचलं, तर वाहने : निरंक. रकाना कोरा ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बजावलंय ना, म्हणून निरंक. हे गृहस्थ अर्ज भरायला आले तेव्हा तहसीलसमोरचा रस्ता तासभर बंद होता. ताफ्यातल्या गाड्या बहुधा भाविकांच्या असाव्यात. निवडणूक अधिकारी साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "खरं-खोटं तपासणं आमचं काम नाही. प्रतिशपथपत्र द्या, तेही लावू." कुठे? त्याच जाळीत! आणि संताप असा की कायद्याने साहेब बरोबर आहेत.

किरकोळ चुकीवर अर्ज बाद होत नाही, तेव्हा स्पेलिंग तपासत बसू नये.

निकालानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करता येते. वकिलाची फी तेवढी निरंक नसते.

खोट्या शपथपत्राला त्याच कायद्याच्या कलम 125अ खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद, नाहीतर नुसता दंड, फार तर दोन्ही. लाज वाटायला हवी. उमेदवाराची माहिती हा मतदाराचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलं. साहेब, ते कागद आमच्यासाठी आहेत, तुमच्या फायलीची जाडी वाढवायला नाहीत. प्रत सरळ स्कॅन करायला दोन मिनिटं लागतात. पानं सुटी लावायला चार टाचण्या लागतात. तेवढंही होत नसेल, तर आम्हाला आत बसू द्या आणि एकेक रकाना मोठ्याने वाचा, उमेदवारासमोर.