ताशी ४ मैलांचा हिशेब चालत नाही

लेखात इंग्लंडमधली फोर काउंटीज रिंग (कालव्यांची वर्तुळाकार बोटफेरी) आई-वडिलांना घेऊन, स्वतः बोट चालवत आठवड्यात 'आरामात' होईल असं म्हटलंय. नाही होत हो! ताशी ४ मैल ही कमाल मर्यादा आहे. काठाला बांधलेल्या बोटींजवळून तर इतकं हळू जावं लागतं की पायी चालणाराही तुम्हाला मागे टाकतो. तिकडचे जुने नावाडी मैल आणि लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद) यांची बेरीज करून तिला ३ ने भागतात, उत्तर तासांत येतं. या रिंगमध्ये ११० मैल आणि ९४ लॉक, म्हणजे ६८ तास. रोज दहा तास सुकाणू आणि लॉकचे जडशीळ दरवाजे! तरण्या पोरांची टोळी असेल तर जरूर करा.

ज्येष्ठांसोबत इंग्लंडमधून वेल्समध्ये जाणारा लांगोथ्लेन कालवा बरा. लॉक कमी, शिवाय १८०५ चा पॉन्टकसिल्टे जलसेतू, म्हणजे कालवा आणि बोटी नेणारा पूल. डी नदीच्या वर ३८ मीटर, एका बाजूला कठडा, दुसरीकडे काहीच नाही (उंचीची भीती असलेल्यांनी केबिनमध्ये बसावं). ऑगस्टमध्ये गर्दी असते. मे-जूनमध्ये जा, तेव्हा उजेडही रात्री नऊपर्यंत असतो. आणि उतरत्या लॉकमध्ये बोट पुढेच ठेवा, मागचा भाग मागच्या दारालगतच्या पाण्याखालच्या दगडी उंबऱ्यावर अडकला तर बोट बुडते.